चार्जर लावलाय तरी लॅपटॉपची बॅटरी उतरतेय? बॅटरी बदलायच्या आधी हे मोजून बघा

चार्जर लावलेला आहे, कोपऱ्यात प्लगचं चिन्हही दिसतंय, आणि तरी सकाळी 90 टक्के असलेली बॅटरी दुपारपर्यंत 60 वर आलेली असते. असं झालं की बहुतेक जण ठरवून मोकळे होतात की बॅटरी गेली. मीही तेच केलं होतं. नवीन बॅटरी बसवली, दोन-तीन दिवस बरं वाटलं, आणि मग एका लांबलचक व्हिडिओ कॉलमध्ये परत तेच, चार्जर लावलेला आणि टक्के खाली खाली. शेवटी कळलं की ऑफिसात माझा आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा चार्जर बदलला गेला होता, दिसायला दोन्ही अगदी सारखे, पिनही तीच, फक्त माझा 65 वॅटचा होता आणि माझ्याकडे आलेला 45 चा. म्हणजे जुनी पण अजून चालणारी बॅटरी मी उगाच काढून टाकली. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं, म्हणून हे नीट सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणाचे पैसे तरी वाचावेत.

आधी हे होतं कसं ते बघू. चार्जरमधून आलेली पॉवर आधी लॅपटॉप चालवायला जाते आणि उरलेली बॅटरीत भरली जाते. लॅपटॉपला 50 वॅट लागतायत आणि चार्जर 65 देतोय, तर 15 उरतात आणि बॅटरी चार्ज होते. लॅपटॉपला 50 लागतायत आणि चार्जर 45 च देतोय, तर आताचे बरेचसे लॅपटॉप बंद पडत नाहीत, कमी पडणारे 5 वॅट गुपचूप बॅटरीतून घेतात. स्क्रीनवर प्लगचं चिन्ह तसंच राहतं कारण चार्जर खरंच जोडलेला असतो. त्या चिन्हाचा अर्थ 'चार्जर दिसतोय' एवढाच, 'पुरतोय' असा नाही. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

म्हणून पहिलं काम, बॅटरी किती वेगाने उतरते ते मोजा. एक तास नेहमीचं काम करा, चार्जर लावूनच, आणि सुरुवातीचे आणि शेवटचे टक्के कागदावर लिहा. मग बॅटरी किती वॅट-अवरची आहे, म्हणजे तिच्यात एकूण किती पॉवर साठते, ते शोधा, लॅपटॉपच्या माहितीत किंवा बॅटरीवर लिहिलेलं असतं, साधारण 40 ते 90 च्या मधला आकडा असतो. समजा बॅटरी 50 वॅट-अवरची आहे आणि तासात 10 टक्के उतरली, तर 5 वॅट-अवर गेले, म्हणजे चार्जर सरासरी 5 वॅट कमी पडतोय. एवढा साधा हिशोब आहे पण याने अर्धा शोध तिथेच संपतो. 5-10 वॅटची तूट असेल तर चार्जर काम करतोय फक्त पुरत नाहीये. पण जर बॅटरी चार्जर काढल्यावर जेवढ्या वेगाने उतरते तेवढ्याच वेगाने चार्जर लावूनही उतरत असेल, तर चार्जरमधून काहीच येत नाहीये, आणि मग वायर, पिन, जॅक किंवा आतलं चार्जिंग सर्किट बघायला लागतं.

यातच एक गोष्ट लोकांना फसवते. जुनी बॅटरी झिजून 50 ची 25 वॅट-अवर झाली असेल तर त्याच 5 वॅटच्या तुटीला ती तासात 10 नाही तर 20 टक्के उतरते. नवीन बॅटरी टाकली की तीच तूट 10 टक्क्यांवर येते आणि आपल्याला वाटतं झालं बरं. माझं नेमकं हेच झालं होतं. तूट होती तिथेच होती, नवी बॅटरी मोठी असल्यामुळे ती दिसायला उशीर लागला.

दुसरी टेस्ट याहून सोपी. लॅपटॉप पूर्ण शट डाऊन करा, स्लीप नाही, शट डाऊन, आणि चार्जर लावून एक तास ठेवा. चालू केल्यावर टक्के चांगले वाढलेले दिसले तर बॅटरी चार्ज घेतेय, चार्जर देतोय, जॅक ठीक आहे, प्रॉब्लेम फक्त वापरताना लागणाऱ्या पॉवरचा आहे. बंद असतानाही टक्के तसूभर हलले नाहीत तर मात्र चार्जर, वायर, जॅक, बॅटरी किंवा चार्जिंगवर कुणीतरी घातलेली मर्यादा यांपैकी काहीतरी. या दोन टेस्ट केल्याशिवाय पुढचं काहीही करू नका, सेटिंग्जमध्ये तासभर डोकं घालण्यापेक्षा हे दोन आकडे जास्त सांगतात.

आता चार्जर. त्याच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात इनपुट आणि आउटपुट अशा दोन ओळी असतात. इनपुटची ओळ वाचायची नाही, तिथे 100 ते 240 व्होल्ट वगैरे असतं, ते भिंतीकडून येणारं. आउटपुटची वाचा. 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर असेल तर गुणाकार करा, 65 वॅट. 20 व्होल्ट आणि 2.25 अँपिअर म्हणजे 45. मग लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर किंवा कंपनीच्या स्पेसिफिकेशन पेजवर त्याच्यासोबत मूळ किती वॅटचा चार्जर येतो ते बघा, आणि दोन आकडे जुळवा. व्होल्ट तेवढेच असायला हवेत. अँपिअर जास्त असले तर चालतात, लॅपटॉप त्याला लागतील तेवढेच ओढतो, कमी असले तर तूट. जास्त वॅटच्या चार्जरने बॅटरी खराब होते ही भीती पुष्कळ जणांना असते, पण व्होल्ट आणि पिन बरोबर असतील तर तसं काही होत नाही.

वॅट बरोबर असूनही एक भानगड असते. डेल आणि एचपीच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक पिन असते, तिच्यातून चार्जर लॅपटॉपला आपली ओळख सांगतो की मी इतक्या वॅटचा. ती पिन वाकली, तुटली किंवा चार्जर लोकल बनावटीचा असला आणि ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चार्जरवर चालतो पण बॅटरी चार्ज करत नाही, वर प्रोसेसरही हळू करून टाकतो. डेलवर चालू होताना अॅडॉप्टरचा प्रकार ओळखता आला नाही अशा अर्थाचा मेसेजही येतो, आणि लोक तो न वाचताच एंटर दाबून पुढे जातात. असा मेसेज आला असेल तर थांबा, उत्तर तिथेच आहे. बऱ्याच ऑफिस लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बॅटरीच्या पानावर जोडलेला चार्जर किती वॅटचा ते पण दिसतं. मॅकवर सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये पॉवर उघडलं की चार्जरचे वॅट लिहिलेले असतात.

टाइप-सी चार्जिंग असेल तर याहून जास्त लक्ष द्यायला लागतं, कारण भोक एकच पण आतून काय येतंय ते बाहेरून कळतच नाही. चार्जर, वायर आणि लॅपटॉप तिघं मिळून ठरवतात किती पॉवर जाणार आणि तिघांमधला जो सगळ्यात कमकुवत त्याच्यावर सगळं अडतं. चार्जर 100 वॅटचा घेतला पण वायर साधी 3 अँपिअरची असेल तर 20 व्होल्टला 60 वॅटच्या वर काही जाणार नाही. 100 वॅट हवे असतील तर वायर 5 अँपिअरची लागते, आणि तिच्यात एक छोटी चिप असते जी सांगते की मी एवढं पेलू शकते, ती चिप नसेल तर चार्जर 3 अँपिअरच्या वर जातच नाही. पॉवर डिलिव्हरी ही टाइप-सीतून पॉवर देण्याची ठरलेली पद्धत, तिच्या 2021 मध्ये आलेल्या 3.1 या नव्या आवृत्तीत 240 वॅटपर्यंत जाता येतं, पण त्यासाठी तिघांनाही ते जमायला हवं. मोबाइलच्या बॉक्समधली वायर लॅपटॉपला लावली तर हा पहिला संशय घ्या.

मोबाइलच्या फास्ट चार्जरचंही तसंच. त्याच्यावर 65 किंवा 80 वॅट मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण बऱ्याचदा तो आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या फोनसाठीच असतो, लॅपटॉपला लावला की त्याच्याहून खूप कमी मिळतं. चार्जरवरच्या बारीक ओळीत पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, च्या समोर काय आकडे आहेत ते वाचा. तिथे 20 व्होल्टची ओळच नसेल आणि 9 व्होल्ट 3 अँपिअरवर संपत असेल तर तो लॅपटॉपला 27 वॅट देणार, तेवढ्यात बहुतेक लॅपटॉप काम करताना तग धरत नाहीत.

आणि दोन-तीन भोकांचे चार्जर! याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. एकटा लॅपटॉप लावला की पूर्ण 65, बाजूला फोन लावला की तोच चार्जर 45 आणि 20 अशी वाटणी करतो, आणि तुम्हाला वाटतं लॅपटॉप आज अचानक का उतरायला लागला. फोन काढून बघा. डॉक (एका वायरीने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडायचा डबा) आणि टाइप-सी मॉनिटरचंही हेच, ते आपल्यासाठी थोडी पॉवर बाजूला ठेवून उरलेली लॅपटॉपला देतात, आणि काही मॉनिटर तर टाइप-सीतून जेमतेम 15 वॅट देतात, म्हणजे चार्जिंगचं चिन्ह येतं आणि बॅटरी उतरतच राहते. लॅपटॉपला दोन टाइप-सी पोर्ट असतील तर दोन्ही चार्जिंग घेतातच असंही नाही, मॉडेलच्या स्पेसिफिकेशन पेजवर खात्री करा आणि एकदा दुसऱ्या पोर्टला लावून बघा, फुकटात होणारी टेस्ट आहे.

गेमिंग लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळं सांगतो. त्यांच्यासोबत 180, 230 वॅटचे जाडजूड चार्जर येतात ते उगाच नाही, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही पूर्ण जोरात असले की तेवढं लागतंच. असा लॅपटॉप प्रवासात हलकं पडावं म्हणून 100 वॅटच्या टाइप-सी चार्जरवर लावून गेम खेळलात तर बॅटरी उतरणारच, त्यात बिघाड काही नाही. काही मॉडेल तर मूळ चार्जरवरही अगदी जड गेममध्ये थोडी बॅटरी वापरतात, तासात चार-पाच टक्के उतरले आणि गेम बंद केल्यावर परत भरले तर ते तसंच बनवलेलं आहे. पण साध्या ब्राउजिंगमध्येही उतरत असेल तर ते नॉर्मल नाही, मग वरचं सगळं तपासा.

चार्जर बरोबर निघाला तर कनेक्शन बघा. वायर पिनजवळ आणि ठोकळ्याजवळ सगळ्यात आधी तुटते, बाहेरून धड दिसते आणि आत तारा गेलेल्या असतात. चार्जर लावून वायर त्या दोन ठिकाणी हळूच वाकवा आणि स्क्रीनकडे बघा, प्लगचं चिन्ह लुकलुकलं किंवा ब्राइटनेस कमी-जास्त झाला तर वायर किंवा जॅक ढिला आहे. पिन जॅकमध्ये डुगडुगत असेल किंवा चार्जिंगला असताना पिनेपाशी चटका बसण्याइतकं गरम होत असेल तर त्यावर चालढकल करू नका, वापर बंद करून जॅक दाखवून घ्या. टाइप-सी पोर्टमध्ये धूळ-कापूस दाबून बसतो, लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई किंवा धातूचं काही घालू नका.

ढिल्या कनेक्शनचा पक्का पुरावा विंडोजच देतं. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत पॉवरसीएफजी टाइप करा, म्हणजे पॉवर या शब्दाला चिकटून सी, एफ, जी ही तीन अक्षरं, मग एक स्पेस, मग स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा एकच जोडशब्द. एंटर दाबलं की एक फाइल तयार होते आणि कुठे सेव्ह झाली तेही तिथेच दिसतं, ती ब्राउजरमध्ये उघडा. त्यात गेल्या काही दिवसांचा वापर ओळीने लिहिलेला असतो, कधी चार्जरवर, कधी बॅटरीवर. तुम्ही दिवसभर चार्जर लावून बसला होतात आणि रिपोर्टमध्ये दर काही मिनिटांनी चार्जर-बॅटरी-चार्जर असं दिसत असेल तर कनेक्शन तुटतंय, संशयच नाही. आणि सलग चार्जर असूनही शिल्लक आकडा खाली जात असेल तर तूट आहे. एवढा उपयोगी रिपोर्ट विंडोजमध्ये आयता पडलेला असतो आणि लोकांना माहीतच नसतो.

त्याच रिपोर्टच्या वरच्या भागात बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची पूर्ण चार्जची क्षमता असते, मिलिवॅट-अवरमध्ये. मूळ 50,000 आणि आता 31,000 असेल तर बॅटरी 62 टक्के उरलीय. पण वर सांगितलं तसं, झिजलेली बॅटरी हे चार्जर लावूनही उतरण्याचं कारण बहुतेक वेळा नसतं, ती फक्त उतरणं जोरात दाखवते. लिनक्सवर यूपॉवर कमांड किती वॅटने चार्ज किंवा डिस्चार्ज होतंय तेही दाखवते, विंडोजवर हाच चालू आकडा बघायला बॅटरीइन्फोव्ह्यू किंवा एचडब्ल्यूइन्फो टाका. हा आकडा डोळ्यासमोर ठेवून एकेक गोष्ट बंद करत गेलात तर कोण किती खातंय ते लगेच कळतं.

कोण खातंय यात आश्चर्य वाटेल असं पुष्कळ असतं. 15 वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसरही जोरात काम आलं की थोडा वेळ 40-50 वॅट ओढू शकतो. टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसेसमध्ये सीपीयू आणि पॉवर युसेजच्या कॉलमवर क्लिक करून वरून बघा. तुम्ही काही करत नसताना एखादी गोष्ट सतत सीपीयू खात असेल, अडकलेला अपडेट, ब्राउजरचा एखादा टॅब, बॅकअप, किंवा गुपचूप क्रिप्टो माइनिंग करणारा व्हायरस, तर तीच तूट. पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवरून बॅलन्स्डवर आणा. लॅपटॉपच्या यूएसबीला फोन, बाहेरची हार्ड डिस्क, लाइट, पंखा जे काय लावलंय ते काढा, फोन एकटा 5 ते 15 वॅट खाऊ शकतो, आणि आधीच काठावर चालणाऱ्या 45 वॅटच्या चार्जरला तेवढंही जड जातं.

आता जे बिघाड वाटतं पण नसतं ते. बॅटरी 100 वरून 96-97 वर आली आणि चार्जच होत नाही, असं बरेच जण विचारतात. ते मुद्दाम असतं, बरेच लॅपटॉप साधारण 95 च्या खाली गेल्याशिवाय परत चार्जिंग सुरू करत नाहीत, सारखं भरत राहिलं तर बॅटरी लवकर झिजते म्हणून. तसंच 60 किंवा 80 टक्क्यांवर थांबणं, लेनोवोत कन्झर्वेशन मोड, आसुसमध्ये बॅटरी केअर, एचपीत बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर, मॅकवर ऑप्टिमाइज्ड चार्जिंग. हा मोड चालू असेल आणि बॅटरी आधीच 100 वर असेल तर काही लॅपटॉप तिला हळूहळू मर्यादेपर्यंत उतरू देतात. ओळखायचं कसं, तर उतरता उतरता ती 80 वर किंवा 60 वर येऊन पक्की थांबते. थांबली तर चिंता सोडा, आणि दिवसभर चार्जरवरच काम असेल तर हा मोड चालूच ठेवा असं मी आग्रहाने सांगेन. 80 च्याही खाली, मग 60 च्या खाली, 40 कडे जातच राहिली तर खरी तूट.

तापमानाचंही बघा. लिथियम बॅटरी साधारण 0 अंशाच्या खाली आणि 45 अंशाच्या वर चार्ज करायची नसते, त्यामुळे ती फार गरम झाली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं किंवा कमी करतं. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करताय, हवा जायच्या जाळ्या बंद, खालून चटके, मग चार्जिंग थांबलं आणि टक्के उतरले तर त्यात नवल नाही. टेबलावर ठेवा, जाळ्यांमधली धूळ काढा, अर्धा तास थांबा आणि परत मोजा.

एवढं करूनही काही पकडीत आलं नाही तर पॉवर रिसेट. लॅपटॉप शट डाऊन करा, चार्जर आणि बाकी सगळं काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही, पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. चार्जिंग सांभाळणारा एक छोटा कंट्रोलर आत असतो, तो कधीकधी अडकतो आणि याने सुटतो. विंडोजवर 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' असं येत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज उघडून त्यातली एसीपीआय बॅटरीची नोंद अनइन्स्टॉल करा आणि रिस्टार्ट करा, ती आपोआप परत येते. याने वॅटची तूट भरून निघत नाही हे मात्र लक्षात ठेवा, नाहीतर लोक हेच दहादा करत बसतात. बायोसचा अपडेट आला असेल तर तो टाका, चार्जिंगच्या काही चुका त्यात दुरुस्त होतात, पण बॅटरी पुरेशी असताना आणि कनेक्शन पक्कं असतानाच.

टक्के 40 वरून एकदम 7 वर उडी मारत असतील, किंवा 30 वर असताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तर तिथे मात्र बॅटरीच झिजलीय किंवा तिचा मीटर चुकलाय. एकदा पूर्ण चार्ज करून, मग चार्जर काढून आपोआप बंद होईपर्यंत वापरून परत सलग पूर्ण चार्ज करा, मीटर जागेवर येतो. आला नाही तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

आणि एका बाबतीत काहीच मोजायचं नाही, थांबायचं. टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही, खालचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय, तर बॅटरी फुगलीय. लगेच चार्जर काढा, बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, टोचू नका, घरी स्वतः उघडू नका, जाणकार माणसाकडे द्या. टक्के किती वेगाने उतरतात याला इथे काही अर्थ नाही.

दुरुस्तीला द्यायची वेळ आलीच तर 'चार्ज होत नाही' एवढंच सांगू नका. चार्जर लावून तासाला किती टक्के उतरते, शट डाऊनमध्ये वाढते का, चार्जर किती वॅटचा आणि मूळ किती वॅटचा होता, दुसऱ्या चार्जरवर काय झालं, हे लिहून न्या आणि बॅटरी रिपोर्टची फाइल पण सोबत द्या. योग्य वॅटच्या दुसऱ्या चार्जरवरही शट डाऊनमध्ये टक्के हलत नसतील आणि बॅटरीची क्षमता चांगली दिसत असेल, तर जॅक आणि बोर्डवरचं चार्जिंग सर्किट आधी तपासा असं स्पष्ट सांगा. नवीन बॅटरी घ्या म्हणाले तर आधी तिथेच त्यांच्याकडची दुसरी बॅटरी लावून, तुमचं नेहमीचं काम चालू ठेवून, अर्धा तास टक्के बघायला सांगा.